स्टेनलेस स्टीलच्या जाड प्लेटमध्ये मोठे भोक कसे पाडावे

रासायनिक कारखान्यातील रिॲक्टरचे सपाट झाकण तयार करायचे आहे, असे समजू. प्लेट ३०४ एल प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची आणि २० मि.मी. जाडीची आहे. तिच्यात सहा इंची पाइपाचे नोझल, म्हणजे बाहेरचा पाइप जोडण्यासाठीचे तोंड, बसवायचे आहे. सहा इंची पाइपाचा बाहेरचा व्यास १६८.३ मि.मी. असतो; पाइप सहज बसावा आणि वेल्डिंगला सर्व बाजूंनी सारखी फट मिळावी म्हणून भोक १७१ मि.मी. व्यासाचे ठरवले आहे. हेच काम साध्या लोखंडी प्लेटमध्ये असते तर गॅस कटरने थोड्याच वेळात गोल काढून, कडा ग्राइंडरने घासून, ते पुढे पाठवता आले असते. स्टेनलेस स्टीलमध्ये तसे होत नाही. तारापूर, लोटे-परशुराम, महाड अशा औद्योगिक वसाहतींसाठी टाक्या आणि रिॲक्टर बनवणाऱ्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हे काम नेहमी येते, आणि या एका भोकापायी कटर, ड्रिल व अख्खा दिवस वाया गेल्याचेही तितकेच नेहमी दिसते. या लेखात हेच १७१ मि.मी.चे भोक डोळ्यांसमोर ठेवून पद्धत सांगितली आहे; आकडे बदलले तरी विचाराचा क्रम तोच राहतो.

गॅस कटर का चालत नाही

ऑक्सिजनच्या झोतात लोखंड जळते आणि त्याचा ऑक्साइड मूळ लोखंडापेक्षा कमी तापमानाला वितळून खाली वाहून जातो; गॅस कटिंगचे सगळे तत्त्व एवढ्यावर उभे आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये मात्र क्रोमियम असते, ३०४ मध्ये ते सुमारे १८ टक्के असते. ज्योत लागताच पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर तयार होतो. स्टेनलेस स्टील १४०० ते १४५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तर या थराला वितळण्यासाठी २००० अंशांहून बरेच अधिक तापमान लागते. त्यामुळे थर तसाच राहतो, ऑक्सिजन आतल्या धातूपर्यंत पोहोचत नाही आणि कट होण्याऐवजी धातूचा चिखल होतो. ज्या गुणामुळे हा धातू गंजत नाही, त्याच गुणामुळे तो गॅसने कापला जात नाही. म्हणून प्लाझ्मा (विजेने तापवलेल्या वायूचा झोत), वॉटर जेट (पाण्याचा झोत), लेझर किंवा यंत्रावरचे कटिंग हेच पर्याय उरतात.

धातूचा स्वभाव

यंत्रावर कापताना ३०४ आणि ३१६ या प्रतींचे स्टील एका बाबतीत फार वेगळे वागते. ते मुळात फार कडक नसते. नव्या, नरम केलेल्या प्लेटवर कानस चांगली चालते. परंतु कटरची धार त्याला न कापता नुसती घासत राहिली, तर घासलेल्या जागेचा पातळ थर दबून कडक होतो. धातूची अंतर्गत रचना त्या थरात बदलते. एरवी चुंबकाला न चिकटणारा हा धातू अशा जागी चुंबक किंचित ओढतानाही आढळतो. याला कारागीर ‘जॉब हार्ड झाला’ असे म्हणतात. एकदा हा थर तयार झाला की पुढच्या फेरीला धार त्याच थरावर घसरते, अधिक तापते, बोथट होते, आणि बोथट धार आणखी घासून थर आणखी कडक करते. हे चक्र सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात महागडा कटर निकामी होऊ शकतो.

दुसरी अडचण उष्णतेची आहे. ३०४ ची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आहे. कापताना निर्माण झालेली उष्णता प्लेटमध्ये पसरून जात नाही. ती धारेजवळच साचते. शिवाय हा धातू साध्या लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतो, दर अंशाला मीटरमागे सुमारे १७ मायक्रॉन. भोकाभोवतीची प्लेट ५० अंशांनी तापलेली असताना १७१ मि.मी.चे भोक मोजले, तर थंड झाल्यावर ते जवळपास ०.१४ मि.मी.ने लहान भरेल. नोझलच्या भोकाला एवढा फरक चालतो. बेअरिंग किंवा बुश बसवायचे असेल तर चालत नाही, म्हणून शेवटचे माप नेहमी प्लेट हाताला थंड लागल्यावरच घ्यावे.

या दोन्ही गोष्टींतून कामाचा मूळ नियम निघतो आणि पुढच्या प्रत्येक पद्धतीत तोच लागू पडतो: फेरे कमी ठेवावेत, दाब भरपूर आणि सलग द्यावा, कूलंट (धार थंड ठेवणारे द्रव) थांबू देऊ नये, आणि धार धातूला टेकलेली असताना ती एक क्षणही नुसती फिरू देऊ नये. साध्या लोखंडावर वर्षानुवर्षे काम केलेल्या हाताला नेमके उलटे वळण लागलेले असते. ड्रिल जड जाऊ लागले की तो हात दाब कमी करतो आणि वेग वाढवतो. स्टेनलेस स्टीलवर ही सवय सोडावी लागते, आणि माझ्या मते या कामातील सर्वांत अवघड भाग हाच आहे.

पद्धत निवडताना

आधी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. भोकाच्या मापात किती फरक चालेल? कडेला उष्णतेचा परिणाम झालेला चालेल का? आणि प्लेट यंत्रापर्यंत नेता येईल, की यंत्र प्लेटपर्यंत आणावे लागेल?

एकच प्लेट असेल, ती अजून सुटी असेल आणि जवळ वॉटर जेटची सोय असेल, तर मी निःसंकोचपणे तोच पर्याय सुचवीन. गार्नेटची बारीक वाळू मिसळलेले पाणी काही हजार बार दाबाने सोडले जाते आणि २० मि.मी. स्टेनलेस त्याने सहज कापले जाते. उष्णता नाही, कडक थर नाही, आणि कडेला असलेला किंचित उतार नोझलच्या कामात जाणवतही नाही. जास्त शक्तीच्या फायबर लेझरवर नायट्रोजन वापरून केलेला कटही स्वच्छ येतो. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिक या परिसरात दोन्ही कामे जॉबवर्कने करून मिळतात. एका भोकासाठी प्लेट टेंपोत घालून पाठवणे अनेकांच्या जिवावर येते; पण एका मोठ्या कार्बाइड कटरची किंमत आणि तो तुटण्याची शक्यता हिशेबात धरली, तर हा खर्च बहुधा कमीच ठरतो.

प्लेट हलवता येत नसेल, काम जागेवर करायचे असेल, किंवा शेडमध्ये रेडियल ड्रिल (आडव्या भुजेवर सरकणारे ड्रिल मशीन) वा बोरिंग मशीन (पाडलेले भोक मोठे आणि अचूक करणारे यंत्र) उपलब्ध असेल, तर पुढील पद्धती उपयोगी पडतात.

आखणी आणि मधले भोक

प्लेटवर मार्किंग ब्लू लावून केंद्रातून दोन काटकोनातील रेषा आखाव्यात आणि डिव्हायडरने दोन वर्तुळे काढावीत: एक प्रत्यक्ष मापाचे, १७१ मि.मी.चे, आणि दुसरे त्याच केंद्रावर १८१ मि.मी.चे. बाहेरचे वर्तुळ कापताना पुसले जात नाही. भोक सरकले आहे का, हे त्याच्यावरून चारही बाजूंना मोजून कळते.

केंद्रावर पंच मारताना हात हलका ठेवावा. जोराचा घाव घातल्यास नेमकी तीच जागा दबून कडक होते आणि ड्रिलचे टोक पहिल्याच क्षणी घसरते. हलका पंच मारून सेंटर ड्रिलने छोटी खाच घ्यावी आणि मग मार्गदर्शक भोकाचे ड्रिल चालवावे. हे ड्रिल कोबाल्टयुक्त हायस्पीड स्टीलचे, म्हणजे एम ३५ किंवा एम ४२ प्रतीचे, आणि १३५ अंशांच्या टोकाचे असावे. या कामाला कटिंग स्पीड, म्हणजे धार धातूवरून सरकण्याचा वेग, मिनिटाला १० ते १२ मीटर धरावा. फेरे काढण्याचे गणित सोपे आहे: मीटरमधील वेगाला १००० ने गुणून व्यासाच्या ३.१४ पटीने भागावे. १० मि.मी. ड्रिलसाठी १२ मीटरचा वेग धरला तर मिनिटाला सुमारे ३८० फेरे येतात. हाच वेग १७१ मि.मी. व्यासाला लावला तर फेरे येतात केवळ २२. हा दुसरा आकडा नीट लक्षात ठेवावा, कारण बहुतेक अपयश इथूनच सुरू होते: शेडमधल्या साध्या पिलर ड्रिलचा सर्वांत कमी वेग यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

ड्रिल सुरू झाल्यावर चिप, म्हणजे कापून निघणारी धातूची पट्टी, सलग, चकचकीत किंवा फिकट सोनेरी रंगाची निघाली पाहिजे. हायस्पीडच्या ड्रिलमधून निळी चिप येऊ लागली तर वेग जास्त आहे. चिप येणे बंद होऊन बारीक पूड येऊ लागली तर ड्रिल घासत आहे. अशा वेळी लगेच ड्रिल वर घ्यावे, धार पाहावी, आणि मगच पुढे जावे.

मॅग्नेटिक ड्रिल आणि कटर

जागेवर काम करायचे म्हटले की मॅग्नेटिक ड्रिल आणि पोकळ कटर ही जोडी सर्वांना प्रथम आठवते, आणि ती चांगलीही आहे. पोकळ कटर फक्त कडेची गोल खाच कापतो, मधला गोळा अखंड बाहेर येतो. त्यामुळे शक्ती कमी लागते आणि उष्णता कमी निर्माण होते. परंतु ३०४ आणि ३१६ ला चुंबक चिकटत नाही. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत मी स्टेनलेस प्लेटवर हे मशीन ठेवून मॅग्नेटचे बटण दाबले होते. दिवा लागला, मशीन पक्के बसले असे मी गृहीत धरले, आणि कटर टेकताच ते सबंध मशीन माझ्या हातावर फिरले. हाड मोडले नाही, पण मनगट महिनाभर बांधून ठेवावे लागले. दिवा लागणे म्हणजे पकड मिळणे नव्हे, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या मुलाला मशीनपाशी उभे करून सांगतो.

यावर उपाय आहे. किमान १२ ते २० मि.मी. जाडीची लोखंडी प्लेट भोकाच्या बाजूला स्टेनलेसवर ठेवून ती किमान दोन, शक्य तर चार मजबूत सी-क्लँपनी आवळावी आणि मशीन तिच्यावर बसवावे. दोहोंच्या मध्ये जाड कागद किंवा प्लास्टिकचा पातळ पत्रा घालावा, म्हणजे लोखंडाचे कण स्टेनलेसवर रुतणार नाहीत. लोखंडी प्लेट स्टेनलेसच्या खाली लावून चालत नाही. मध्ये २० मि.मी. अंतर पडल्यावर चुंबकाची पकड नाममात्र उरते. वरच्या प्लेटमुळे मशीनची उंची वाढते, म्हणून कटर पुरेसा खोल पोहोचतो का, हे आधीच मोजावे. निर्वात पकडीचे बेसही मिळतात, पण ते गुळगुळीत आणि सपाट पृष्ठभागावरच वापरावेत. कोणतीही पकड असली तरी मशीनसोबत येणारी साखळी किंवा पट्टा प्लेटभोवती बांधलाच पाहिजे. आपल्याकडे वीज केव्हाही जाते, आणि वीज गेली की चुंबक त्याच क्षणी सुटतो.

ड्युप्लेक्स प्रतीचे, उदाहरणार्थ २२०५, स्टेनलेस मात्र चुंबकाला चिकटते. ते पाहून हायसे वाटून घेऊ नये. ३०४ च्या मानाने त्याची ताकद दुपटीहून अधिक असते आणि कटरवर ताणही त्याच प्रमाणात येतो.

शंभर मि.मी.पर्यंतच्या भोकांना कार्बाइड दातांचा कटर घ्यावा. ३० ते ३५ मीटरचा वेग धरल्यास १०० मि.मी. व्यासाला मिनिटाला ९५ ते ११० फेरे येतात, आणि हा वेग बऱ्याच गिअर असलेल्या मॅग्नेटिक ड्रिलमध्ये मिळतो. हायस्पीडचा कटर असेल तर त्याच व्यासाला ३५ ते ४० फेरे लागतात. तेवढा कमी वेग मशीनमध्ये नसेल तर तो कटर वापरू नये. सुरुवातीला खाच बसेपर्यंत दाब सावकाश द्यावा, एकदा सर्व दात धातूत शिरले की दाब वाढवून तो शेवटपर्यंत कायम ठेवावा. लोखंडात जसे थोडे कापून वर घेऊन पुन्हा टेकवतात, तसे इथे करू नये. प्रत्येक वेळी टेकताना दात आधी घासतात आणि मग कापतात. कूलंट पायलट पिनमधून (कटरच्या मधल्या मार्गदर्शक पिनमधून) आत जात असल्याची खात्री करावी, कारण वरून ओतलेले कूलंट खोल खाचेच्या तळापर्यंत नीट पोहोचत नाही.

साधा होल सॉ (गोल करवत) वापरायचा असल्यास एक युक्ती फार उपयोगी पडते. करवतीची खाच जिथून जाणार, त्या वर्तुळाच्या आतल्या बाजूला खाचेला छेदणारे १० ते १२ मि.मी.चे एक आरपार भोक आधी पाडून ठेवावे. करवत फिरताना दातांतला कीस त्या भोकातून खाली पडतो, दात मोकळे राहतात आणि कूलंटलाही वाट मिळते. हे भोक बाहेरच्या रेषेला मात्र लागता कामा नये. या एका भोकाने कामाचा वेळ निम्म्यावर आलेला मी पाहिला आहे.

ट्रेपॅनिंग

आपले १७१ मि.मी.चे भोक रेडियल ड्रिलवर करायचे असेल, तर एवढ्या मोठ्या पोकळ कटरपेक्षा एका किंवा दोन टूलांचा ट्रेपॅनिंग बार अधिक परवडतो. मध्ये पायलट, बाजूला आडव्या दांड्यावर सरकणारे टूल, आणि ६ ते ८ मि.मी. रुंदीची गोल खाच, असे त्याचे स्वरूप असते. कार्बाइड टिपचे टूल लावून ३० मीटरचा वेग धरल्यास मिनिटाला सुमारे ५५ फेरे येतात. फीड, म्हणजे टूल धातूत शिरण्याचे प्रमाण, फेरीमागे ०.०८ ते ०.१२ मि.मी. ठेवावे आणि ते मशीनच्या स्वयंचलित फीडनेच द्यावे. इतक्या हळू फिरणाऱ्या टूलला हाताने सारखा दाब देणे अनुभवी माणसालाही जमत नाही.

या टूलची धार घासण्यात खरे कौशल्य आहे. खाच गोल असते आणि टूल सरळ असते, त्यामुळे टूलची बाहेरची बाजू खाचेच्या बाहेरच्या भिंतीला खालून घासते. तिथे पुरेसा उतार दिला नाही, तर वरून सर्व ठीक दिसते आणि आत टूलची कूस भिंतीला घासून भिंत कडक करत राहते. १७१ मि.मी.च्या वर्तुळाचा चाप पत्र्यावर कापून त्याचा साचा करावा आणि टूलची बाजू त्याला लावून पाहावी. फक्त कापणारी धार टेकली पाहिजे, मागचा भाग सुटा दिसला पाहिजे.

पायलटचे भोक आरपार असल्याने २० मि.मी.ची प्लेट दोन्ही बाजूंनी कापणे उत्तम. एका बाजूने ११ मि.मी. खोल खाच घ्यावी, प्लेट उलटवून, त्याच पायलट भोकावर बसवून, उरलेले कापावे. खाच उथळ राहिल्याने कीस बाहेर येतो, टूल कमी बाहेर काढावे लागते आणि थरथर कमी होते. मधोमध दोन्ही खाचा जिथे मिळतात तिथे बारीक पायरी राहू शकते. ती नंतर घासून काढता येते.

शेवटचा अर्धा मि.मी. सर्वांत धोक्याचा असतो. मधला गोळा सुटतो, तिरका होतो आणि टूल त्यात अडकते. आपल्या उदाहरणातला गोळा सुमारे ३ किलो वजनाचा असेल. म्हणून प्लेटखाली घट्ट बसणारा लाकडी ठोकळा किंवा टाकाऊ प्लेट आधीच ठेवावी, म्हणजे गोळा खाली पडणार नाही आणि तिरकाही होणार नाही. प्लेट टेबलाला किमान चार ठिकाणी क्लँप करावी. फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालू नयेत. स्टेनलेसची चिप लांब, चिवट आणि पात्यासारखी धारदार असते. ती हाताने कधीही ओढू नये, मशीन थांबवून लोखंडी आकडीने काढावी.

प्लाझ्माने काढून बोरिंगने पूर्ण करणे

जागेवरचे एखादेच मोठे भोक असेल तर ही पद्धत सर्वांत व्यवहार्य आहे. प्लाझ्माने १६३ मि.मी.चे कच्चे भोक काढावे आणि प्रत्येक बाजूला राहिलेला ४ मि.मी. धातू बोरिंग मशीनवर, व्हीटीएलवर (उभ्या लेथवर) किंवा जागेवर लावायच्या बोरिंग बारने काढावा. नोझलसाठी माप फार काटेकोर नसेल, तर बोरिंगऐवजी ग्राइंडिंगनेही भागते.

प्लाझ्मा मशीनवर लिहिलेली जाडी बहुधा कडेपासून कापण्याची असते. मधूनच आरपार जाण्याची क्षमता तिच्यापेक्षा कमी असते. क्षमतेच्या काठावरच्या जाडीत टॉर्च मध्येच रोखून आरपार जाण्याचा प्रयत्न केला, तर वितळलेला धातू उलट उडून टॉर्चचे नोझल जळते. म्हणून टाकाऊ भागात एक भोक ड्रिलने पाडून तिथून कट सुरू करावा. हाताने टॉर्च धरण्यापेक्षा केंद्रावर टेकणारा सर्कल कटर लावावा. बहुतेक टॉर्चमध्ये गॅसला जी गोल फिरकी दिलेली असते, तिच्यामुळे प्रवासाच्या दिशेने पाहता उजवी कड अधिक सरळ येते. भोक कापताना चांगली कड बाहेरच्या प्लेटवर हवी असते, म्हणून टॉर्च घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावी.

हवेच्या प्लाझ्माने कापलेली कड काळपट आणि कडक होते. तिच्यात ऑक्साइड आणि नायट्रोजन दोन्ही शिरलेले असतात. नायट्रोजन किंवा आर्गॉन-हायड्रोजन वापरल्यास कड बरीच सुधारते. बोरिंगचा पहिला कट मात्र कोणत्याही परिस्थितीत वरवरचा घेऊ नये. अर्धा मि.मी. घेऊन पाहू, असे म्हटले तर टूलची टोके थेट त्या कडक थरातच फिरतात. पहिलाच कट दीड ते दोन मि.मी. खोल घ्यावा, म्हणजे टूल थराच्या खालच्या नरम धातूत चालते.

प्लाझ्माच्या धुराविषयी निष्काळजीपणा करू नये. स्टेनलेस जळताना षट्संयुजी क्रोमियमची संयुगे हवेत जातात आणि ती कर्करोगकारक आहेत. बंद शेडमध्ये, रुमाल बांधून हे काम करणारी माणसे मी पाहतो आणि मला मनापासून वाईट वाटते. रुमालाचा या धुराला काहीही उपयोग होत नाही. धूर ओढणारा पंखा कटच्या अगदी जवळ हवा, योग्य फिल्टरचा श्वसनमुखवटा हवा आणि शेडची दारे उघडी हवीत. प्लेट क्लोरिनयुक्त सॉल्व्हंटने पुसलेली असेल तर ती पूर्ण वाळेपर्यंत आर्क पेटवू नये. आर्कच्या प्रकाशात त्या वाफेपासून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो.

काहीच साधन नसेल तर

केवळ एक पिलर ड्रिल हाताशी असेल तर साखळी भोकांचा जुना मार्ग उरतो. कडेला १ मि.मी. धातू ठेवून १५९ मि.मी.च्या वर्तुळावर १० मि.मी.ची ४४ भोके पाडावीत. दोन भोकांच्या मध्ये सव्वा मि.मी.हून थोडी जास्त भिंत राहते. ती त्याहून पातळ ठेवू नये, नाहीतर ड्रिल शेजारच्या भोकात घसरते. भिंती छिन्नीने किंवा करवतीने तोडून कडा घासून काढाव्यात. वेळ फार जातो आणि दोन-तीन ड्रिले पुन्हा धार लावून घ्यावी लागतात, पण काम होते.

मध्येच अडकल्यास

कटर अर्ध्या वाटेत घसरू लागला, किंकाळल्यासारखा आवाज आला आणि चिप थांबली, तर पहिली प्रतिक्रिया जोर लावण्याची असते. ती आवरावी. कटर बाहेर काढून दात भिंगातून पाहावेत. एकही दात तुटला असेल तर तुटलेला कार्बाइडचा तुकडा खाचेत राहिला आहे असेच धरून चालावे आणि खाच हवेने आणि चिकट ग्रीस लावलेल्या काडीने साफ करून तपासावी, कारण नव्या कटरचे दात त्याच तुकड्यावर आपटून तुटतात. मग शक्य असेल तर प्लेट उलटवून दुसऱ्या, अजून न घासलेल्या बाजूने सुरुवात करावी. उलटवता येत नसेल तर नवीन धारेचा कार्बाइड कटर, आधीच्यापेक्षा कमी फेरे आणि पहिल्या क्षणापासून ठाम दाब, अशा तयारीने कडक थर एका दमात फोडावा लागतो.

कडा, सफाई आणि तपासणी

भोक झाल्यावर दोन्ही बाजूंची बर (कडेला उरलेली धारदार किनार) काढून कड किंचित गोल करावी. त्यासाठीची कानस, ब्रश आणि डिस्क फक्त स्टेनलेससाठी वेगळी ठेवलेली असावी. काल लोखंडावर चाललेली डिस्क आज स्टेनलेसवर चालवली, तर लोखंडाचे कण कडेत रुततात आणि काही दिवसांत तिथे तांबूस डाग उमटतात. गिऱ्हाईक तक्रार करते ती प्लेटच्या प्रतीची, दोष असतो डिस्कचा. गंधक आणि क्लोरिनयुक्त कटिंग ऑइल वापरले असेल तर ते वेल्डिंगपूर्वी पूर्णपणे धुऊन, ॲसिटोनने पुसून काढावे.

वेल्डिंगनंतर जोडाला आणि भोकाच्या उघड्या कडेला पिकलिंग पेस्ट, म्हणजे धातूवरचा काळपट थर काढणारी पेस्ट, लावतात. या पेस्टमध्ये नायट्रिकसोबत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते कातडीवर पडले तर वेदना उशिरा सुरू होतात आणि तोपर्यंत ते खोल गेलेले असते, म्हणून रबरी हातमोजे, चेहऱ्याची ढाल आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी असल्याशिवाय डबा उघडू नये. काम झाल्यावर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. खाऱ्या बोअरवेलचे पाणी यासाठी वापरू नये.

वेल्डिंगला देण्यापूर्वी प्लेट थंड असताना भोकाचे माप चार दिशांना व्हर्नियरने घ्यावे, बाहेरच्या १८१ मि.मी.च्या वर्तुळापर्यंतचे अंतर चारही ठिकाणी ५ मि.मी. भरते का ते पाहावे, आणि मग पाइपाचा तुकडा प्रत्यक्ष घालून बघावा. तो हाताने आत गेला आणि सभोवार सव्वा ते दीड मि.मी. सारखी फट दिसली, की प्लेट वेल्डरकडे पाठवावी.